जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीतील विदावस्तूंचे व्यवस्थापन

अविरत चालणाऱ्या मोठ्या संगणक प्रणालीत प्रत्येक यंत्रभागाची माहिती ठरावीक रूपात, कालनोंदीसह बाळगणे आणि मुदतीच्या आत वापरणे म्हणजे विदावस्तूंचे व्यवस्थापन होय. आळे-नारायणगाव परिसरात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर आहे.

नियंत्रण

सुधारित जीएमआरटीच्या नियंत्रणासाठी 'टँगो' ही मुक्तस्रोत चौकट वापरली जाते. तिचा उगम फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळेत झाला. टँगोत प्रत्येक उपकरण ही एक वस्तू असते. तिला नाव असते, गुणधर्म असतात आणि ती आज्ञा पाळते. व्याकरणातील नाम, विशेषण व क्रियापद यांची येथे सहज आठवण होते. प्रत्येक गुणधर्माच्या मूल्यासोबत त्याची वेळ आणि ग्राह्यता नोंदलेली असते. ही नोंद गौण नव्हे. वारा वाढला की अँटेना आकाशाकडे सरळ तोंड करून थांबवाव्या लागतात. अशा वेळी वाऱ्याच्या वेगाचा जुना आकडा ताजा समजला गेल्यास मूल्य मुळीच नसण्यापेक्षा अधिक धोका संभवतो.

संकेतांचा ओघ

संकेतांची विदा मात्र निराळ्या रीतीने हाताळावी लागते. प्रत्येक अँटेनाकडून दोन, असे एकूण ६० संकेत येतात. ४०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एवढ्या ओघात दर वेळी नवी वस्तू निर्माण करणे परवडत नाही. म्हणून स्मृतीतील जागा आधीच राखून ती रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे पुनःपुन्हा भरण्याची पद्धत अशा प्रणालींत रूढ आहे. वाचणारा कार्यक्रम मागे पडला, तर न वाचलेल्या नमुन्यांवर नवे नमुने लिहिले जातात आणि आकाशातील तो क्षण कायमचा हातचा जातो.

२५ किलोमीटर अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या अवधीत एका संकेताचे ६६ हजारांहून अधिक नमुने जमतात. त्यामुळे आधी पोहोचलेले नमुने थोपवून एकाच तरंगाघाडीचे नमुने जुळवावे लागतात. पृथ्वीच्या परिवलनाने हा फरक सतत बदलतो. त्यानंतर ३० अँटेनांच्या ४३५ जोड्यांचा गुणाकार होतो. एखादी अँटेना बिघडल्यास तिचा सहभाग असलेल्या २९ जोड्यांतील दूषित विदा वगळावी लागते. बिघाडाची वेळ नियंत्रण प्रणालीतील कालनोंदीवरून कळू शकते.