श्रेष्ठ खेळाडू कोण?

क्रिकेटपटू मोठा की कुस्तीगीर, हा वाद गावोगावी रंगतो. पूर्वी धान्य पायलीने मोजत, कापड गजाने. मग निरनिराळ्या खेळांस एकच माप कसे लावावे? आमच्या मते एक निकष मात्र सर्वत्र चालतो: आपल्याच खेळातील इतरांहून तो किती पुढे गेला? ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन यांची कसोटी सामन्यांतील सरासरी ९९.९४, दीर्घकाळ खेळलेले इतर फलंदाज ६० च्या आसपासच थांबले. या मापाने ब्रॅडमन अग्रस्थानी ठरतात.

तथापि कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव लोकवर्गणीच्या आधारे १९५२ साली हेलसिंकीस गेले व कुस्तीत कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हे कष्ट कोणत्या सरासरीत मावणार? म्हणून वाचकहो, आकडे अवश्य मोजा. पण खेळाडू कोठून निघाला, हेही विचारा.