पाठ सूर्याकडे, नजर खाडीवर

मुंबईत आभाळाचा फोटो काढायचा म्हटलं की गर्दी पश्चिमेला पळते. जुहू, वांद्रे, मरीन ड्राइव्ह आणि समुद्रात बुडणारा सूर्य. विक्रोळीकरांच्या नशिबी ते दृश्य नाही. त्यांचा सूर्य पार्कसाइटच्या टेकडीमागे, पवईच्या टॉवरांमागे मावळतो, तोही बऱ्याचदा कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीआड. पण आभाळात पाहण्यासारखं जे घडतं त्यातलं बरंचसं सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला घडतं, आणि संध्याकाळी विक्रोळीच्या समोरच्या बाजूला काय आहे? कन्नमवार नगरापलीकडचं कांदळवन, ठाण्याची खाडी, नवी मुंबई आणि तिच्यामागे पारसिकचे डोंगर. इतकं मोकळं पूर्व क्षितिज या शहरात फार थोड्या वस्त्यांना मिळालं आहे.

इंद्रधनुष्यापासूनच सुरुवात करू. सूर्यकिरण पावसाच्या थेंबात शिरतात, आत एकदा परावर्तित होतात आणि वळून बाहेर पडतात. हे वळण असं असतं की धनुष्याचा मध्य सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूवर येतो आणि कमानीची त्रिज्या सुमारे ४२ अंश भरते. म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल, तर जमिनीवर उभ्या माणसासाठी अख्खी कमान क्षितिजाखाली गेलेली असते. मुंबईत मे ते जुलै सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला तर असा एकेक दिवस येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. हिशेब मांडला तर जुलैत विक्रोळीत सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी चारपर्यंत इंद्रधनुष्य दिसण्याची शक्यताच नाही. त्या वेळेत ऊनपाऊस कितीही खेळला तरी कॅमेरा पिशवीत ठेवावा. चारनंतर मात्र पश्चिमेला ढग फाटून ऊन आलं आणि खाडीवर सर कोसळत असली, की सूर्याकडे पाठ करून गच्चीवर उभं राहावं. सकाळी याच्या उलट. ऊन खाडीवरून येतं आणि कमान उमटते ती पवईच्या डोंगरावर.

सूर्य जितका खाली, तितकी कमान उंच. सूर्यास्ताच्या जरा आधी ती जवळजवळ अर्धवर्तुळ होते आणि तिची रुंदी ८४ अंशांपर्यंत जाते. मोबाईलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात ती मावत नाही. अर्धा एक्स लिहिलेली रुंद लेन्स लागते. मुख्य कमानीबाहेर, ५१ अंशांवर, अनेकदा दुसरी फिकी कमान असते आणि तिचे रंग उलट्या क्रमाने लागतात. दोन्हींमधला पट्टा बाकी आभाळापेक्षा काळसर दिसतो. फोटोत हे सारं हवं असेल तर एक्स्पोजर थोडं खाली ओढावं, रंग आपोआप गडद होतात. ज्यांच्याकडे पोलरायझर फिल्टर आहे त्यांनी तो सावकाश फिरवून पाहावा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवीकृत असल्यामुळे एका कोनात ते झळाळतं आणि दुसऱ्या कोनात चक्क पुसलं जातं.

विजांचं वेळापत्रक वेगळं. भर पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, मुंबईत पाणी धो धो पडतं पण विजा क्वचितच चमकतात. गडगडाट असतो तो मेच्या अखेरीपासून मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, परतीच्या पावसात. या दोन्ही हंगामांत दुपारच्या तापल्या हवेतून सह्याद्रीवर ढग चढत जातात. त्यांचा माथा पंधरा किलोमीटरपर्यंत पोचला की तिथल्या वाऱ्यात तो ऐरणीसारखा आडवा पसरतो. एवढा उंच ढग शंभर किलोमीटरवरूनही दिसतो, म्हणून विक्रोळीच्या गच्चीवरून घाटावरची वादळं कोरड्या अंगाने पाहता येतात. मावळतीचा प्रकाश समोरून पडत असल्याने त्या ढगांचा कापूस आधी पिवळा, मग नारिंगी आणि शेवटी गुलाबी होतो. जुहूला सूर्यास्त टिपणाऱ्याच्या पाठीमागे हे सगळं चालू असतं आणि त्याला पत्ताही नसतो.

वीज टिपायला चपळ बोटांची गरज नाही, स्टँडची आहे. अंधार पडल्यावर कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, आयएसओ १००, छिद्र एफ ८ च्या आसपास, आणि शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवायचं. त्या अवधीत वीज पडली तर ती स्वतःच आपलं चित्र काढते. मोबाईलवाल्यांनी व्हिडिओ घेऊन त्यातली हवी ती चौकट उचलावी. वीज दिसली की सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो, त्यामुळे तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि गच्ची सोडायची वेळ झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. स्टँडइतकंच तेही सामानात हवं.

१३ मे २०२४ चा सोमवार या भागातलं कुणी विसरणार नाही. दुपारी आभाळ आधी मळकं झालं आणि मग टॉवरांच्या वर तपकिरी धुळीची भिंत चालून आली. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि पावसाच्या पुढे धावत सुटते. वाटेतली धूळ तिच्याबरोबर उठते. मुंबईत असं दृश्य विरळाच. हजारो मोबाईल वर झाले आणि ते फोटो देशभर फिरले. त्याच वाऱ्याने विक्रोळीच्या शेजारी, घाटकोपरच्या छेडा नगरात, पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. धुळीच्या भिंतीचा फोटो बंद खिडकीच्या काचेआडूनच काढावा. काचेवरच्या प्रतिबिंबाची तक्रार नंतर करता येते.

सगळ्या करामती अशा घाईच्या नसतात. उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांतून प्रकाश वळला की सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती २२ अंश त्रिज्येचं खळं पडतं. ते कधीकधी तास-दोन तास टिकतं. २४ मे २०२१ ला बंगळुरूत दिवसाढवळ्या असंच खळं पडलं आणि टाळेबंदीत घरी अडकलेलं शहर गच्चीवर आलं. खळ्याचा फोटो घेताना सूर्य दिव्याच्या खांबाआड किंवा इमारतीच्या कोपऱ्याआड झाकायचा. डोळे वाचतात आणि खळंही उठून दिसतं.

महाराष्ट्राची या विषयातली खरी मिरास हरिश्चंद्रगडावर आहे. कोकणकड्याच्या टोकावर सकाळी उभं राहिलं, पाठीमागून ऊन आलं आणि खालची दरी धुक्याने भरलेली असली, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटतं. हे इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे पाहिलेल्या वर्तुळाकार धनुष्याची नोंद दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या निबंधात केली. लंडनच्या रॉयल सोसायटीने तो १८३५ मध्ये छापला. तेव्हा फोटोग्राफी नुकती कुठे जन्म घेत होती, म्हणून त्याला शब्दांवर भागवावं लागलं. गड चढणं ज्यांना जमणार नाही त्यांनी विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मागावी. खालच्या ढगांवर विमानाची सावली दिसली तर तिच्याभोवती तीच कडी असतात.

आता रंगांविषयी थोडं. आज मोबाईलवर फिरणारी निम्मी आभाळं जांभळी असतात, आणि ती तशी नव्हती हे ज्यांनी त्या संध्याकाळी मान वर केली होती त्यांना ठाऊक असतं. फोटोशॉपमध्ये २०२० पासून आख्खं आभाळ बदलून देणारं बटणच आहे. सजावट म्हणून ते चालेल, पण असा फोटो कुठल्याच अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. साध्या, प्रामाणिक फोटोंची ताकद मोठी आहे. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये ढगांच्या आंतरराष्ट्रीय नोंदग्रंथाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात ‘ॲस्पेरिटास’ हे खवळलेल्या समुद्रासारखं रूप पहिल्यांदा आलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात काढलेला एक फोटो आणि त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी धाडलेले फोटो त्याला कारणीभूत ठरले.

फोटो असा अभ्यासाच्या कामी यायचा तर प्रत्येक फोटोसोबत जागा, वेळ आणि कॅमेऱ्याच्या तोंडाची दिशा लागते. मोबाईल वेळ आणि, लोकेशन चालू असल्यास, जागा फोटोतच नोंदवतो. दिशा आपण लिहून ठेवलेली बरी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते.