आडोशाचा गंज

क्रोमच्या मडगार्डवर नारिंगी ठिपक्यांचं जाळं दिसलं की सेकंड हँड गाडी बघायला आलेला माणूस दोन पावलं मागे सरतो आणि भाव तिथेच पडतो. पण मागे सरण्याऐवजी जरा वाकून बघावं. ते क्रोम गंजलेलंच नसतं. क्रोमियमला नारिंगी गंज चढत नाही. तो आलेला असतो खालच्या पत्र्यातून, वरच्या चकाकीला असलेल्या अदृश्य छिद्रांमधून.

आपण ज्याला क्रोम म्हणतो ते थरांचं काम आहे. तळाला पोलादी पत्रा, त्यावर साधारण १० ते ३० मायक्रॉन जाडीचा निकेलचा थर आणि सगळ्यांत वर क्रोमियम, जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाच्या केसाचे जाडीत शंभराहून जास्त काप केले तर त्यातला एक काप एवढा! इतक्या पातळ थराला सूक्ष्म भेगा असणारच. पाणी अडवण्याचं खरं काम निकेल करतं. क्रोमियम निकेलला काळवंडू देत नाही आणि ती थंड, निळसर झाक देतं. पण निकेलमध्ये कुठे एखादं बारीक छिद्र राहिलं आणि ओलावा खालच्या लोखंडापर्यंत पोचला, की दोन धातू आणि खारं पाणी मिळून एक इवलीशी बॅटरी तयार होते. या जोडीत झिजतं ते लोखंड. निकेलचा विस्तार मोठा आणि उघडं पडलेलं लोखंड कणभर, त्यामुळे झिजेचा सगळा भार त्या एका कणावर येतो. म्हणून हा गंज पसरत न जाता ठिपक्यांनी येतो आणि आत उतरतो.

ठिपका पुसून त्यावरून नख फिरवावं. गुळगुळीत लागलं तर तो नुसता डाग. नख अडकलं तर खड्डा पडला आहे. आणि कडेने पापुद्रा सुटत असेल तर गंज निकेलच्या खाली शिरला आहे. तिथे कितीही घासलं तरी उपयोग नाही, पुन्हा प्लेटिंगच करावं लागतं. डाग काढायला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. तिचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की गंज निघून येतो, आणि अ‍ॅल्युमिनियम क्रोमियमपेक्षा कितीतरी मऊ असल्यामुळे चकाकीवर ओरखडा उठत नाही. नंतर कोरडं करून मेणाचं पॉलिश लावावं, म्हणजे छिद्रं काही काळ तरी बुजतात. संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र कुणी कितीही सांगितलं तरी लावू नये. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल गंजाबरोबर क्रोमियमही विरघळवतं.

आरएक्स १०० शोधणाऱ्यांना हे सगळं माहीत असलेलं बरं. यामाहाची ही गाडी भारतात १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली. म्हणजे तिच्यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. एवढ्या वर्षांत मूळ क्रोमवर ठिपके न येणं हेच नवल. अशा गाडीवर चार ठिपके दिसले तर मला उलट बरं वाटतं. निदान समोर आहे ते मूळचं आहे.

पण गंजाबद्दलची सर्वांत विलक्षण गोष्ट मडगार्डवर नाही, मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात आहे. केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९२० च्या दशकात त्यांनी घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवून बघितला. लोखंड विरघळलं की निळा आणि अल्क तयार झाला की गुलाबी रंग यावा, अशी द्रव्यं त्या थेंबात आधीच मिसळलेली होती. आपल्याला वाटतं की जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, तिथे ऑक्सिजन सहज पोचतो. तेव्हा कड खाल्ली जायला हवी. घडलं नेमकं उलटं. कड गुलाबी झाली आणि सुरक्षित राहिली. निळा उमटला मधोमध, जिथे ऑक्सिजन सर्वांत कमी होता. लोखंड झिजत होतं ते तिथे.

आणि गंज? तो ना मध्ये साठला, ना कडेला. मधून सुटलेलं लोखंड कडेकडून येणाऱ्या अल्काला वाटेत भेटलं आणि त्या दोघांच्या मध्ये नारिंगी कडं तयार झालं. गंज दिसतो एका जागी आणि लोखंड गेलेलं असतं दुसऱ्याच जागी! मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर मला कुठलीही जुनी गाडी पूर्वीसारखी बघता आलेली नाही. कारण या एका थेंबाने गाडी कुठे तपासायची ते सांगून टाकलं आहे. उघड्यावरचा, वाऱ्यावरचा गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. लोखंड खाणारा गंज आडोशाला बसतो: पट्टीच्या खाली, जोडाच्या फटीत, साचलेल्या चिखलामागे, स्टिकरच्या आत.

कोकणातल्या गाडीत हा आडोसा फार महत्त्वाचा ठरतो. नंबरप्लेटवर एमएच-०७ किंवा एमएच-०८ दिसलं, म्हणजे सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी, की घाटावरचं गिऱ्हाईक बिचकतं. बिचकण्याला आधार आहे. समुद्राच्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं, पण मॅग्नेशियम क्लोराइडला सुमारे ३३ टक्के पुरतात. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे हाताला कोरडी ठणठणीत लागणारी गाडीही मिठाच्या कणाभोवती ओलीच असते. त्यातही एक गंमत आहे. पावसाने धुतले जाणारे भाग तुलनेने बरे राहतात, कारण त्यांच्यावरचं मीठ वाहून जातं. पत्र्याच्या खालची बाजू, मडगार्डची आतली बाजू, बॅटरीच्या ट्रेचा तळ, इथे पाऊस पोचत नाही आणि मीठ मात्र पोचतं. कोकणातली गाडी नाकारू नये. गुडघे टेकून खालून बघावी.

इंजिनाच्या केसिंगवर पांढरी भुकटी दिसते, तो प्रकार वेगळा. अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं पडताक्षणी स्वतःवर ऑक्साइडचं कवच चढवतं. त्याची जाडी मोजायला मायक्रॉनही फार मोठा पडतो. ते काही नॅनोमीटरचंच असतं. ओरखडा पडला तर ते पुन्हा तयार होतं. लोखंडाच्या गंजाला हे जमत नाही, तो भुसभुशीत असतो आणि खालच्या धातूला उघडंच ठेवतो. मीठ या कवचाला ठिकठिकाणी भोकं पाडतं आणि त्यातून पांढरी भुकटी येते. ती दिसायला वाईट, पण केसिंग जाड असल्यामुळे सहसा निरुपद्रवी.

लॅकर मारलेल्या अलॉय व्हीलवर तर याहून अद्भुत दृश्य दिसतं. पारदर्शक थराखाली बारीक, नागमोडी धागे पसरलेले असतात. प्रत्येक धागा खडा लागलेल्या किंवा ओरखडा उठलेल्या जागेपासून निघतो आणि पुढे सरकत जातो. त्याच्या टोकाशी ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, मागे शेपटीकडे ऑक्सिजन जास्त: इव्हान्सचा थेंबच जणू चालायला लागलेला. एक धागा दुसऱ्याची वाट सहसा ओलांडत नाही. तिथवर येतो आणि वळतो. भिंग असेल तर हे जरूर बघावं. चाकाच्या मजबुतीला यातून बहुधा धोका नसतो. लॅकर उतरवून, घासून, नवा थर दिला की काम झालं. सायलेन्सरच्या बेंड पाइपवरचा सोनेरी, जांभळा, निळा रंग तर गंज म्हणून मोजूच नये. उष्णतेने धातूवर आलेल्या अतिशय पातळ ऑक्साइडमधून परतणाऱ्या प्रकाशलाटा एकमेकींत मिसळून तो रंग दिसतो.

मात्र काही ठिकाणी दिखाऊ गंज आणि धोक्याचा गंज यांच्यात दोन बोटांचं अंतर असतं. पुढच्या शॉकअपचा पाइप घ्या. त्याच्यावरचं क्रोम मडगार्डपेक्षा पुष्कळ जाड आणि कठीण असतं. वरच्या, न हलणाऱ्या भागात खड्डे असतील तर ते फक्त नजरेला खुपतात. तसाच एक खड्डा खाली, पाइप जिथे आत-बाहेर होतो तिथे असेल, तर त्याची धार प्रत्येक खळग्याला ऑइल सीलला कापते. पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाचदा जोरात दाबावं आणि मग पाइपवर तेलाचं कडं उमटलंय का ते बघावं. तेल खाली ब्रेकपर्यंत उतरू शकतं, म्हणून इथे भाव करण्यात अर्थ नाही. दुरुस्तीचा पूर्ण खर्च आधी विचारावा.

मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) चेसीसला जिथे बसतो तो जोड, मेन स्टँडचे ब्रॅकेट आणि बॅटरीखालचा भाग टॉर्च मारून बघावा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आत गंज धरला की वरचा रंग फुगतो. तो फुगवटा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकावा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येऊन खपल्या पडल्या तर गाडी सोडून द्यावी, मग टाकी आरशासारखी का असेना. टाकीच्या आतही टॉर्च मारावा, कारण तिथला गंज कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. आणि क्रोमवर ठिपके असलेल्या गाडीच्या चेसीसवर ताजा काळा रंग असेल, तर तो कशासाठी मारला हे स्पष्ट विचारावं. मी ठिपकेवाली, रंग न मारलेली गाडी घेईन. ज्या पोराकडे थोडेच पैसे आहेत, त्याला चांगलं इंजिन परवडतं ते याच ठिपक्यांमुळे.

घेतल्यावर चेसीसवरचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने झाडून त्यावर टॅनिक आम्लाचा द्राव लावता येतो. गंजातल्या लोखंडाशी जुळून तो निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनवतो. हे रसायन आपल्याकडे फार जुनं आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून गोळा होणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, आणि हिरडा व हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून काळी शाई करायची रीत याच क्रियेवर चालायची. द्राव वाळला की वर प्रायमर आणि रंग द्यावा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पावसाळा संपल्यावरही दर आठवड्याला गोड्या पाण्याने गाडी धुवावी, आणि पाइपचा झोत आधी मडगार्डच्या आतून, चिमट्याच्या खालून आणि बॅटरीच्या ट्रेखालून सोडावा. टाकी शेवटी धुतली तरी चालते.