अजबखाना कोणाचा आणि सांभाळतो कोण?

गावची चावडी कोणाची? एक म्हणेल, सरकारची. दुसरा म्हणेल, गावाची. बरे, पावसाळ्यात ती गळू लागली, तर कवेलू फेरायला वर कोण चढतो? तेथेच गाडी अडते.

मुंबईला भायखळ्यात, राणीच्या बागेत, एक अजबखाना आहे. जुन्या व दुर्मिळ वस्तू नीट मांडून लोकांना दाखवितात, ते घर म्हणजे अजबखाना. पुस्तकात त्याला संग्रहालय म्हणतात. नागपूरचा अजबबंगला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हा त्याचाच भाऊबंद. डॉक्टर भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट वगैरे मंडळींनी वर्गणी जमविली, सरकारनेही पैसा घातला, आणि १८७२ साली हे घर लोकांना खुले झाले. आत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. कोणी कारागीर, कोणी आणखी कोणी. ज्याचा त्याचा पोशाख, ज्याचे त्याचे पागोटे. अंगणात घारापुरी बेटावरचा दगडी हत्ती उभा आहे. १९७५ साली या अजबखान्यास भाऊ दाजींचे नाव दिले.

हे घर मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे. म्हणजे तेथे कर भरणाऱ्या प्रत्येकाचे. पण पालिकेला पाणी पुरवायचे, रस्ते झाडायचे, दवाखाने चालवायचे. बाहुल्यांकडे कोण पाहतो? घर खराब होत गेले.

तेव्हा २००३ साली तिघांनी लेखी करार केला. एक महानगरपालिका, दुसरी जुन्या वास्तू जपणारी इन्टॅक ही संस्था, तिसरे जमनालाल बजाज प्रतिष्ठान. जमनालालजी म्हणजे आपल्या शेजारच्या वर्ध्याचे, बरे का! गांधीजींना वर्ध्याला आणले ते त्यांनीच. १९४२ साली ते वारले. त्यांच्या नावाच्या या प्रतिष्ठानाने पैसा दिला, पालिकेनेही दिला, आणि इन्टॅकने जाणकारांकडून काम करून घेतले. २००८ साली दारे पुन्हा उघडली.

कारभार विश्वस्त मंडळाकडे सोपविला, मालकी पालिकेचीच राहिली. शेत एकाचे आणि वाहणारा दुसरा, अशी बटई आपण जाणतोच. फरक एवढाच की येथे वाहणाऱ्याला पिकातला दाणाही घरी नेता येत नाही. नोकरांना पगार मिळतो, तो मिळालाच पाहिजे. पण तिकिटाचे, देणगीचे जे काही उरेल, ते पुन्हा त्याच कामाला लावायचे.

नुसत्या तिकिटावर का भागत नाही, असे कोणी विचारील. तिकीट महाग केले, तर गरिबाची पोरे दाराबाहेरच राहतील. आणि पाहणारा एकही आला नाही, तरी दिवाबत्ती, पहारा, छप्पर यांचा खर्च काही चुकत नाही. म्हणून पालिका आणि दाते यांचा हात लागतो.

आता हिशेब. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे नोंदलेल्या संस्थेने जमाखर्च लिहावा, तो तपासून घ्यावा व धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. गावचे देवस्थान नोंदलेले असेल, तर त्यालाही हाच कायदा. आमच्या पाहण्यात एक वाचनालय होते. वर्गणी दरवर्षी गोळा होई, हिशेब कधी वाचला जात नसे. शेवटी पुस्तके वाळवीने खाल्ली आणि पेटीत काही निघाले नाही. आम्हीही त्याचे सभासद होतो. आम्हीही कधी विचारले नव्हते.

यवतमाळला सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. नोंदलेल्या संस्थेचे कागद तेथे अर्ज करून पाहता येतात.