कर्णधार, प्रशिक्षक आणि न झालेलं बोलणं

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला होता, त्यामुळे निकाल लागेपर्यंत मध्यरात्र झाली. आमच्या कसबा पेठेत तांबट आळीतली ठोकठोक थांबली की रात्री लवकरच सामसूम होते. त्या रात्री मात्र कागदीपुऱ्यापासून फडके हौदापर्यंत घराघरांतून टीव्हीचा आवाज येत होता. क्रिकेटमधलं काहीही न कळणाऱ्या आमच्या सासूबाईसुद्धा इशाची नमाज झाल्यावर तसबीह हातात घेऊन शेवटपर्यंत बसल्या होत्या.

विजयानंतर मैदानावर एक दृश्य दिसलं. हरमनप्रीत कौरच्या संघाने तो चषक निवृत्त झालेल्या जुन्या खेळाडूंच्या हातात दिला. त्यात झूलन गोस्वामी होत्या, मिताली राज होत्या. मितालींनी चषक उंचावला तेव्हा मुली भोवती नाचत होत्या.

शाळा सुरू झाल्यावर नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, "टीचर, त्या तर खेळल्याच नाहीत. मग कप त्यांच्या हातात का दिला?"

मी म्हटलं, "त्यांनी घातलेल्या पायावर या मुली उभ्या आहेत म्हणून." उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. सात वर्षांपूर्वी याच मिताली राज आणि संघाचे प्रशिक्षक यांच्यात असा कडवटपणा आला होता की सारा देश बघत होता. तेव्हा हरमनप्रीत प्रशिक्षकांच्या बाजूने उभी होती. ती कहाणी आपल्या घरांतही समजून घेण्यासारखी आहे, म्हणून हा लेख.

संघाबाहेर बसलेली कर्णधार

मिताली राजने १९९९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पहिल्याच एकदिवसीय सामन्यात आयर्लंडविरुद्ध नाबाद ११४ धावा केल्या. त्या काळात मुलींचं क्रिकेट टीव्हीवर दिसत नसे. २०१७ च्या विश्वचषकात तिच्या नेतृत्वाखाली संघ लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि अवघ्या ९ धावांनी हरला. त्यानंतरच मुलींचं क्रिकेट घराघरांत पोहोचलं.

२०१८ मध्ये ती एकदिवसीय संघाची कर्णधार होती, तर वीस षटकांच्या संघाचं नेतृत्व हरमनप्रीतकडे होतं. त्या वर्षी जुलैमध्ये तुषार आरोठे यांनी प्रशिक्षकपद सोडलं आणि ऑगस्टमध्ये मुंबईचे माजी फिरकी गोलंदाज रमेश पोवार तात्पुरते प्रशिक्षक झाले. नोव्हेंबरमध्ये वेस्ट इंडिजमध्ये वीस षटकांचा विश्वचषक होता.

मितालीने पाकिस्तानविरुद्ध ५६ आणि आयर्लंडविरुद्ध ५१ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती दुखापतीमुळे खेळली नाही आणि तिच्याविना भारत जिंकला. २२ नोव्हेंबरला अँटिग्वात इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला. मिताली तंदुरुस्त होती, तरी तिला बाहेर बसवण्यात आलं. जिंकलेला संघ बदलायचा नाही, हे त्यामागचं कारण होतं. भारताचा डाव ११२ धावांत संपला आणि इंग्लंड ८ गडी राखून जिंकलं. निर्णय संघाच्या भल्यासाठीच घेतला होता, त्याचा पश्चात्ताप नाही, असं हरमनप्रीतने सामन्यानंतर सांगितलं.

खेळाडूला वगळणं काही नवीन नाही. मोठमोठ्यांना ते भोगावं लागतं. पण इथे प्रकरण वगळण्यावर थांबलं नाही.

दोन कागद, दोन बाजू

मायदेशी परतल्यावर मितालीने क्रिकेट मंडळाचे मुख्याधिकारी राहुल जोहरी आणि क्रिकेट विभागाचे महाव्यवस्थापक सबा करीम यांना पत्र लिहिलं. पत्र खासगी होतं, पण ते फुटलं आणि वर्तमानपत्रांत आलं. त्यात तिने प्रशिक्षकांवर अपमानाचे आरोप केले होते. ती जवळ बसलेली असली की ते उठून जातात. इतर मुली सराव करताना ते बघत उभे राहतात, तिची पाळी आली की निघून जातात. ती बोलायला गेली की मोबाइलमध्ये बघत चालू लागतात. वीस वर्षांत पहिल्यांदा आपण इतके खचलो, असं तिने लिहिलं होतं. मंडळाचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या सदस्य डायना एडुलजी यांच्यावरही तिने पक्षपाताचा आरोप केला होता.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पोवारांनी मुंबईत मंडळाच्या अधिकाऱ्यांपुढे आपला अहवाल ठेवला. त्यांचं म्हणणं असं की मिताली संघात मिसळत नाही, तिला सांभाळणं अवघड जातं. सलामीला न पाठवल्यास निवृत्त होण्याची भाषा तिने केली. तिच्या धावांचा वेग कमी आहे आणि ती स्वतःच्या विक्रमांसाठी खेळते. तिच्याशी आपले संबंध ताणलेले होते, हेही त्यांनी मान्य केलं. यावर मिताली म्हणाली, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत काळा दिवस आहे. माझ्या वीस वर्षांच्या मेहनतीवर आणि देशप्रेमावर शंका घेतली गेली.

नोव्हेंबरअखेर पोवारांची मुदत संपली. त्यांनाच ठेवावं, असं पत्र हरमनप्रीत आणि आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने मंडळाला दिलं. म्हणजे ज्या मुली एका खोलीत राहत, एका ताटात जेवत, त्याही विभागल्या गेल्या. अखेर डिसेंबरमध्ये डब्ल्यू. व्ही. रामन यांची प्रशिक्षक म्हणून निवड झाली.

कोण खरं, कोण खोटं, हे ठरवणारे आपण कोण? त्या खोल्यांत आपण नव्हतो. पण दोन्ही कागद बाजूबाजूला ठेवले तर एक गोष्ट दोन्हींत सारखी दिसते. दोघांच्याही मनात खूप काही साठलं होतं, आणि ते एकमेकांना सांगण्याऐवजी दोघांनी तिसऱ्याला सांगितलं.

चारचौघांतला जाब

अशीच एक कहाणी फुटबॉलमधली. २००२ च्या विश्वचषकासाठी आयर्लंडचा संघ प्रशांत महासागरातल्या सैपान बेटावर सरावाला गेला. कर्णधार रॉय कीन तेव्हा जगातल्या नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक होता. तिथे मैदान खडबडीत होतं, सरावाचं सामान वेळेवर पोहोचलं नव्हतं. कीन संतापला आणि त्याने एका वृत्तपत्राला मुलाखत देऊन सगळी गाऱ्हाणी मांडली. व्यवस्थापक मिक मॅकार्थी यांनी सगळ्या संघाला एकत्र बोलावून, सर्वांसमोर, त्याला त्या मुलाखतीचा जाब विचारला. कीनने सर्वांसमोरच त्यांना नाही नाही ते सुनावलं. स्पर्धा सुरू होण्याआधीच कर्णधाराची घरी रवानगी झाली. त्याच्याविना आयर्लंडने बाद फेरी गाठली, पण तिथे स्पेनकडून पेनल्टींवर हार पत्करली. त्या देशात आजही घराघरांत यावर दोन तट आहेत.

सामान वेळेवर यावं, ही कीनची मागणी रास्तच होती. मॅकार्थींना मुलाखतीचा राग येणंही स्वाभाविक होतं. पण कर्णधाराने गाऱ्हाणं आधी बाहेर नेलं आणि व्यवस्थापकाने हिशेब चारचौघांत मागितला. चारचौघांत जाब विचारला की माणूस उत्तर देत नाही, स्वतःची इज्जत वाचवायला बघतो. सैपानमध्ये नको तिथे बोललं गेलं. वेस्ट इंडिजमध्ये, मितालीच्या म्हणण्यानुसार, बोललंच गेलं नाही. दोन्हीकडे नुकसान सारखंच झालं.

माझी यादी

हे सगळं मी शहाणपणाने सांगते आहे असं वाटायला नको. माझ्या हातूनही हे घडलं आहे.

छोट्या शाळांत भाषेच्या शिक्षकाकडेच खेळाची जबाबदारी येते, तशी काही वर्षं ती माझ्याकडे होती. मुलींचा खो-खोचा संघ होता. कर्णधार दहावीतली, पळायला वाऱ्यासारखी. पण आंतरशालेय स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात ती सरावाला रोज उशिरा येऊ लागली. मी दोन-तीनदा रागावले. का उशीर होतो, हे मात्र एकदाही विचारलं नाही. शेवटी मी तिला राखीव खेळाडूंत टाकलं. समोर बोलावून सांगायचा धीर होईना. म्हणून शेवटच्या तासाला यादी फळ्यावर लावली आणि मागच्या जिन्याने घरी गेले.

तिला ते मैत्रिणींकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "टीचर, घ्यायचं नव्हतं तर नसतं घेतलं. तुमचा हक्क आहे. पण पोरीला समोर बसवून सांगायला हवं होतं. रात्रभर विचारत होती, माझं काय चुकलं."

आम्ही ती स्पर्धा हरलो. त्यापेक्षा जास्त लागलं ते हे की ती मुलगी माझ्या तासाला मान खाली घालून बसू लागली. मीही तिची नजर टाळायचे. मितालीचं ते पत्र वाचलं तेव्हा मला मोबाइलमध्ये बघत चालणारे प्रशिक्षक दिसले नाहीत, मागच्या जिन्याने उतरणारी मी दिसले.

तीन आठवड्यांनी मी तिला आणि तिच्या अम्मीला बोलावलं आणि माफी मागितली. तेव्हा कळलं, सकाळी अम्मी कामाला गेल्यावर धाकट्या भावाला शाळेत सोडून ती सरावाला येत असे. मी म्हटलं, "मला सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "टीचर, तुम्ही विचारलंच नाही." आमच्यातलं अवघडलेपण गेलं, पण तिचं दहावीचं वर्ष संपत आलं होतं. संघातली तिची जागा मी तिला परत देऊ शकले नाही. उशिरा केलेली सुलह मन मोकळं करते, गेलेली वेळ परत आणत नाही.

पुन्हा एकाच संघात

आता मितालीच्या कहाणीचा पुढचा भाग, जो बातम्यांत फार गाजला नाही. भांडण संपल्यावर बातमी संपते, माणसं मात्र तिथेच असतात.

मितालीने खेळणं सोडलं नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी २०० एकदिवसीय सामने खेळणारी ती पहिली महिला ठरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने वीस षटकांच्या सामन्यांतून निवृत्ती घेतली, एकदिवसीय संघाची कर्णधार ती राहिली. तिकडे पोवारांनी मुंबईच्या पुरुष संघाला २०२१ मध्ये विजय हजारे करंडक जिंकून दिला. आणि १३ मे २०२१ रोजी ते पुन्हा भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. कर्णधार होती तीच, मिताली राज.

आता काय होणार, म्हणून अनेकांचे कान टवकारले. मिताली म्हणाली, भूतकाळात परत जाता येत नाही. ते योजना घेऊन येतील आणि आम्ही मिळून संघ पुढे नेऊ. तिने आपलं जुनं पत्र खोटं होतं असं म्हटलं नाही की पोवारांची स्तुतिस्तोत्रंही गायली नाहीत. मतभेद होते ते होते, पण समोरच्या मुलींचं नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढं मात्र ठरवलं.

३ जुलै २०२१ रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर इथे भारतासमोर २२० धावांचं लक्ष्य होतं. मिताली नाबाद ७५ धावा करून शेवटच्या षटकात सामना जिंकूनच परतली. त्याच दिवशी तिन्ही प्रकारांत मिळून सर्वाधिक धावा करणारी महिला फलंदाज म्हणून तिने शार्लट एडवर्ड्सला मागे टाकलं. प्रशिक्षक होते पोवार. त्या सप्टेंबरमध्ये याच जोडीच्या संघाने ऑस्ट्रेलियाची सलग २६ एकदिवसीय विजयांची मालिका खंडित केली. सगळंच गोड झालं असंही नाही. २०२२ च्या विश्वचषकात संघ साखळीतच बाहेर पडला. जूनमध्ये मिताली निवृत्त झाली, डिसेंबरमध्ये पोवार दुसऱ्या जबाबदारीवर गेले. पण दोघं एका संघात राहून काम करू शकले.

आपल्या घरापुरतं

आपल्या घरांत, मोहल्ल्यात, जमातीत, शाळेत कर्णधार आणि प्रशिक्षक असतातच. कुणाच्या हातात निर्णय असतो, कुणाच्या अंगावर मेहनत असते. मोठी सून आणि सासू, वडील आणि दुकानावर बसणारा मुलगा, कमिटीचे अध्यक्ष आणि तरुण कार्यकर्ते. खटके उडणार. निर्णय कडू असला तरी माणूस तो पचवतो, पण टाळलेली नजर आणि पाठीमागे लावलेली यादी त्याला पचत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांनी तो समोर बसवून, एकट्याला, वेळेवर सांगावा, आणि सांगण्याआधी एकदा कारण विचारावं. ज्यांना दुखावलं गेलं त्यांनी गाऱ्हाणं आधी त्याच माणसाकडे न्यावं. तिथे ऐकलं गेलं नाही तर ज्याच्याकडे अधिकार आहे त्याच्याकडे जावं, आणि सगळ्यात शेवटी बाहेर. आज तर एका बोटाने घरातलं भांडण व्हॉट्सअॅपवर पन्नास जणांपर्यंत जातं, आणि पन्नास जणांनी वाचलेलं मागे घेता येत नाही.

त्या नववीतल्या मुलीला मी नंतर पूर्ण उत्तर दिलं. म्हटलं, "तो कप हातात देणाऱ्या आणि घेणाऱ्या एकेकाळी वेगवेगळ्या बाजूंना होत्या. तरी त्या रात्री एका मैदानावर उभ्या राहिल्या."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "टीचर, आमच्या वर्गातल्या दोघी दिवाळीच्या आधीपासून बोलत नाहीत. त्यांना एकत्र बसवू का?"

मी म्हटलं, "बसव. फक्त सगळ्या वर्गासमोर नको."