माडावरचा उंदीर, खणातले कातडे

मालवणच्या किनाऱ्यावर अनेक माडांच्या खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर पत्रा ठोकलेला दिसतो. तो उंदरांसाठी. उंदीर शेंड्यावर चढतो, कोवळ्या शहाळ्याला देठाजवळ भोक पाडतो, आतला माल फस्त करतो आणि रिकामे शहाळे धपकन खाली येते. पत्र्यावर त्याची नखे रुतत नाहीत. शेजारच्या माडाची झावळ टेकलेली असली, तर मात्र तो वरच्या वरच येतो आणि पत्रा नुसता गंजत बसतो. बागायतदाराला उंदराच्या जातीशी कर्तव्य नसते. प्राणिशास्त्राला मात्र या उंदरांनी शंभर वर्षे छळले आहे.

त्या छळाचे दप्तर मुंबईत आणि लंडनमध्ये आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 मध्ये हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले. सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांनी वर्गणी जमवली, निवृत्त वनाधिकारी रॉटन यांनी लंडनमध्ये बसून आलेला माल तपासला. पगारी संग्राहक सापळे घेऊन जिल्हे पालथे घालत होते; पहिला अहवाल खानदेशाचा निघाला. सुमारे बारा वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास नमुने जमले. ते लंडन, मुंबई आणि कलकत्त्याच्या संग्रहांत वाटले गेले. नव्या जातींचे मूळ नमुने बहुतेक लंडनला गेले. वाघ-बिबट्यांची शिकार साहेबलोक हौसेने करतच होते. या सर्वेक्षणाचे खरे मोल उंदीर, चिचुंद्र्या, खारी आणि वटवाघळांत आहे, कारण त्यांच्याकडे दुसरे कोणी पाहत नव्हते.

असा एक नमुना हातात घेतला तर काय दिसते? कातड्यात कापूस भरलेला, पोटावरून टाका घातलेला, पाय मागे-पुढे ताणून प्राणी पालथा ठेवलेला. कवटी वेगळी, तिच्यावर तोच क्रमांक. मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख, नर की मादी, पकडणाऱ्याचे नाव आणि चार मापे: धड, शेपूट, मागचे पाऊल, कान. कातड्याला कसर लागू नये म्हणून सोमल मिसळलेला साबण चोळण्याची तेव्हा रीत होती, त्यामुळे आजही हातमोजे घालूनच संग्रहालयातले हे नमुन्यांचे खण उघडायचे.

या ढिगातून भारतीय घरउंदरांचा हिशोब मांडायचे काम मार्टिन हिंटन यांच्याकडे आले. 1918-19 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. त्यांच्यापुढे कातडी आणि कवट्याच होत्या, म्हणून पोटाचा रंग, शेपटीची लांबी, केसांचा पोत यांवर त्यांनी पोटजाती पाडल्या. झाडावरच्या पांढऱ्या पोटाच्या एका उंदराला रॉटन यांचे नाव दिले. नारळाच्या किडीरोगांवरच्या जुन्या लेखनात बागेतला उंदीर याच नावाने येतो. सातारा जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या मऊ केसांच्या, लांब शेपटीच्या उंदराला त्यांनी साताऱ्याचे नाव दिले. ठरवले मात्र असे, की हे सगळे एकाच काळ्या उंदराचे, म्हणजे रॅटस रॅटसचे प्रकार.

इथे पुढच्या पिढ्यांची पंचाईत झाली. पोट पांढरे असणे ही वंशाची खूण की नुसता रंग? कातड्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी ते सांगत नाही.

बर्कलीच्या संशोधकांनी 1984 मध्ये क्वागा या नामशेष प्राण्याच्या सुमारे 140 वर्षे जुन्या संग्रहालयीन कातड्यातून डीएनए काढून दाखवला. मग 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कांगारू-उंदरांच्या 1911 ते 1937 या काळातल्या कातड्यांतला डीएनए त्याच जागी नव्याने पकडलेल्या उंदरांशी ताडून पाहिला गेला. खणातला उंदीर पुन्हा साक्षीला उभा राहू शकतो, हे तेव्हा ठरले.

काम किचकट आहे. पोटाच्या टाक्याजवळून काडीच्या गुलाइतका कातड्याचा तुकडा घेतात, किंवा कवटीच्या आत सुकून चिकटलेला मांसाचा पापुद्रा खरवडतात, म्हणजे बाहेरचे रूप बिघडत नाही. तो तुकडा प्रथिने पचवणाऱ्या विकरात रात्रभर भिजतो. जुना डीएनए अखंड मिळत नाही. शे-दोनशे अक्षरांचे, कधी त्याहूनही आखूड तुकडे हाती लागतात आणि त्यांच्या टोकांची काही अक्षरे काळाने बदललेली असतात. म्हणून पेशीत शेकड्यांनी प्रती असणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए आधी गाठतात. त्यातले 1,140 अक्षरांचे सायटोक्रोम-बी हे जनुक सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांचे आवडते. तुकडे एकमेकांवर सरकवून ते जुळवायचे. हे सगळे वेगळ्या खोलीत, जिथे ताज्या उंदराचा केसही आलेला नाही. नाहीतर शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याऐवजी काल पकडलेल्याचाच डीएनए वाचला जातो. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले नमुने याबाबतीत सर्वांत हट्टी.

उंदरांचा निकाल 2011 मध्ये लागला, निदान बराचसा. केन अॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी 32 देशांतले 165 काळे उंदीर तपासले आणि सहा वंशशाखा दाखवल्या. जहाजांतून युरोप, आफ्रिका, अमेरिकेपर्यंत पोचलेली शाखा मूळची भारतीय द्वीपकल्पातली निघाली. त्याच वर्षी एका फ्रेंच गटाने दक्षिण भारतात शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन उंदरांची कवटी, गुणसूत्रे आणि जनुके तपासून दाखवले, की साताऱ्याच्या नावाचा उंदीर ही स्वतंत्र जात आहे. रॉटन यांच्या नावाचा उंदीर मात्र आज रॅटस रॅटसमध्येच धरतात. दोघांचीही पोटे पांढरी, पण हिंटन यांनी पाडलेल्या नावांपैकी एक टिकले आणि एक बुडाले.

डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य, असे मी मानत नाही. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकराच्या वेळी तो अर्धीच गोष्ट सांगतो. शिवाय नुसत्या नजरेनेही मोठे शोध लागले आहेत. अँगस हटन यांनी 1948 मध्ये मदुराईजवळच्या डोंगरात धरलेले एक फळखाऊ वटवाघूळ मुंबईच्या संग्रहात चुकीच्या नावाने पडून होते. 1970 मध्ये थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी ते उचलले, दात पाहिले आणि 1972 मध्ये त्याचे सलीम अलींच्या नावाने बारसे केले. एवढे सगळे झाले ते नमुना जपलेला होता म्हणून.

सिंधुदुर्गाला याचे काय? 2016 च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप आला आणि ऐन काजूच्या हंगामात लोक रानात जायला घाबरू लागले. या तापाचा विषाणू गोचिडीतून येतो आणि गोचिडीची पिल्ले उंदीर-चिचुंद्र्यांवर वाढतात. शिमोग्याकडे 1957 नंतर या तापावर झालेल्या अभ्यासांत रानातल्या उंदराची नोंद रॉटन यांच्याच नावाने आहे. त्या नावाखाली साताऱ्याचा उंदीरही मोजला गेला का, हे कागदावरून कळत नाही. जपलेल्या कातड्यावरून कळू शकते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मिश्रा आणि धांडा यांनी 1975 मध्ये सिंहगडावरच्या उंदराची नवी जात नोंदवली, तेव्हा रोगाचे संशोधन आणि प्राण्यांचा संग्रह एकाच छपराखाली होता. तसे पुन्हा व्हायला हवे.

सावंतवाडी-मालवणच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. बागेत सापळ्यात मेलेला उंदीर फेकू नका. हातमोजे घालून उचला, रानातला असेल तर वनखात्याला विचारा, मांसाचा छोटा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कातडे आणि कवटी जपा. गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत हवीच, आणि ती पेन्सिलीने लिहा, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.