पूर्वजाची लष्करी सेवा : नोंदी कशा वाचाव्यात?

मौखिक स्मृतीला लिखित पुराव्याची जोड कशी द्यावी, हे आता एका उदाहरणाने पाहू. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक घरांत ‘पणजोबा बसऱ्याला गेले, ते परतलेच नाहीत’ एवढेच वाक्य उरलेले असते. ते तोकडे असले तरी टाकाऊ नाही. ‘बसरा’ या शब्दावरून बहुधा पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधील, आघाडी सूचित होते. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी तेथे कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने शरणागती पत्करली.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. (अडचणीच्या काळात ते मोडीत निघाले नसेल तर!) गावातील स्मृतिशिळेवर मात्र सहसा किती जण गेले व किती कामी आले, एवढे आकडेच आढळतात. मृतांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत पाहता येतात. तेथे वडिलांचे नाव आणि गावही अनेकदा दिलेले असते. जो जिवंत परतला, त्याच्यासाठी ही सूची निरुपयोगी आहे. त्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद शोधावेत.

खरी अडचण लिपीची आहे. कानावर पडलेले नाव रोमन अक्षरांत उतरवले, की ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद पुसले जातात. काळे आणि काले एकच होतात. पवारांचे ‘पोवार’ होतात. कधी आडनावच गळते आणि ‘विठोबा’ऐवजी नुसता ‘विठू’ उरतो. म्हणून एकाच वर्णलेखनावर विसंबून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नये. उलट, नाव जुळले एवढ्यावरून नाते जोडण्याची घाईही नको. सखाराम शिंदे एकाच तालुक्यात अनेक असू शकतात. वडिलांचे नाव आणि गाव जुळेपर्यंत तो सखाराम दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा आहे, असेच समजावे.

ही काटेकोर पडताळणी आवश्यक ठरते, कारण बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत. तेथे पलटणीखाली केवळ त्यांची संख्या आहे. त्यांची नावे कागदावरच्या यादीत आहेत.

कृती : आपल्या घरातील एका पूर्वजाचे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिले गेले असेल, त्याची यादी करा. त्या नावाचा घरातील उच्चार वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.